फटफटीवरची शांता

१२ ऑगस्ट २००८, मंगळ.
डोकं तापून हाय. दारव्ह्याच्या नाक्यावर शिपायानं फटफटी अडवली. नंबराखाली लाल रंगानं 'शांता' लिवलं हाय ना, ते त्याच्या डोळ्यात खुपलं.
"शांता कोन?"
"मीच. शांत दिसत नाही का?"
हासला नाही मेला. म्हने, पाटीवर नाव चालत नाही. पोळा झाला का पुसून दाखवाले आन, नाहीतर गाडी जमा.
तेवढ्यात मांगून माह्या दिराची कार आली. नंबर ४१४१, पन असा वळवून रंगवला का 'दादा'च वाचावं. आकडा शोधून सापडत नाही. शिपायानं त्याले सलाम ठोकला! म्हनलं, "साहेब, ह्या दादालेबी पुसा ना."
"बाई, ते मोठी गाडी हाय."
मोठी गाडी! हाट्.

१३ ऑगस्ट, बुध.
दीर घरी आला. "वयनी, पुसून टाका ते. विधवा बाईचं नाव असं रस्त्यानं फिरते, बरं नाही दिसत."
"आन् भाऊजी, तुमचा दादा फिरते ते?"
"ते शौक हाय."
त्याच्या चहात साखर टाकली नाही. मुद्दामच. तरी पिऊन गेला, निर्लज्ज.

२१ ऑगस्ट, गुरु.
कापसाची पराटी लाल पडून राह्यली. वावरात मन नाही लागलं, फटफटीपाशी बसली.
बैलजोडी इकली त्या साली पोळ्याले पुजाले काही नव्हतं. आमच्या घरच्यायनं फटफटीलेच हळद-कुंकू लावलं. शिंगं रंगवाचा जुना डबा काढला, अन् काडीनं पाटीवर माहं नाव. म्या म्हनलं, बैलाच्या जागी मले उभी करता काय? लय हासले. दिवाळी काही पाह्यली नाही त्यायनं.
तवापासून दर पोळ्याले त्याच अक्षरावरून मी नवा रंग फिरवते. अक्षर त्यायचं, रंग माहा. अन् ते पुसाचं? त्या शिपायाच्या तर...

२९ ऑगस्ट, शुक्र. खांदशेकनी.
गाव बैलायचे खांदे शेकून राह्यलं. म्या हँडलले तूप-हळद चोळली. शेजारीन हासली. हासू दे.
संध्याकाळी दीर रंग काढाच्या थिनरची बाटली ठेवून गेला. म्हने, तुमच्यानं होत नसन तर पोळा फुटल्यावर मी येतो पुसाले.
थिनर चांगलं हाय. खिडकीचे सारे डाग निघाले. उरलं ते मोरीत.

३० ऑगस्ट, शनि. पोळा.
गडीमानसं बैलं घेऊन तोरनाखाली गेले. माहं नाव रंगवून झालं. डब्यात रंग उरला. डबा घेऊन दिराच्या आंगनात गेली, कार एकटीच उभी. दारात माही जाऊ उभी, नंदा. मले वाटलं आता वरडते.
म्हनलं, "नंदे, तुहं कुठं लिवू?"
गाडीच्या मांगं आली. मंग म्हने, "दादाच्या खाली लिवा, बाई. पन ठसठशीत लिवा. माहं नाव अजून कोठीच नाही."
डबा तिनंच धरला. म्या 'दादा'खाली 'नंदा' लिवलं.
दीर सांजच्याले माह्याकडे आला. रिकामी बाटली पाहून खूश झाला. पाटी पाह्यलीच नाही. स्वतःच्या गाडीची मांगची बाजू तर तो कधीच पाहत नाही.
उद्या तो दारव्ह्याले चालला, नंदाले घेऊन. मी मांगच्या मांग जाईन. नाक्यावर तोच शिपाई असन.
फटफटी धुवून ठेवली. पाटी सोडून. रंग ओला हाय अजून.