बारा नंबर

आबा, तुमचा कॅमेरा लहानपणी माझ्या हातून बिघडला, असं मी पुण्याच्या एका माणसाला सांगितलं. त्याने मान्यही केलं. लहान पोरींच्या हातून वस्तू बिघडतात, त्यात त्याला नवल वाटलं नाही. पण तुम्हाला माहीत आहे की लहानपणी मी कॅमेऱ्याला एकदाच बोट लावलं होतं आणि तो डाग तुम्ही त्याच दुपारी पुसलाही होता. म्हणून खरं काय झालं ते तुम्हाला लिहायला बसले आहे. कागद झेरॉक्सचे वाया गेलेले आहेत, मागच्या बाजूला कुणाचा तरी सातबारा उमटलाय, तेवढं चालवून घ्या.

तुमच्या स्टुडिओचं मी झेरॉक्सचं दुकान केलं हे तुम्हाला आवडलं नसतं. स्टेशन रोडवर आता स्टुडिओ चालत नाही. लोक ऑनलाइन फॉर्म भरायला येतात, आधार कार्डाची नक्कल काढायला येतात, आणि पासपोर्ट फोटो मी छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर दोन मिनिटांत काढून देते. तुमचा डोंगर आणि हंस रंगवलेला पडदा कसरीने खाल्ला. तुमचं लाकडी स्टूल मात्र आहे. थर्मलच्या वीजकेंद्राची राख अजून तशीच येते, सकाळी पुसलेल्या काउंटरवर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. माझ्या संसाराचं तुम्ही गेल्यावर चार वर्षांत जे व्हायचं ते झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मी परत आले आणि तेव्हापासून मागच्या दोन खोल्यांत मी आणि माय, दोघीच राहतो.

बोट लावलं तेव्हा मी दुसरीत होते. कॅमेरा काउंटरवर होता, एकावर एक दोन भिंगांचा, चामड्याच्या घरात बसलेला. मला तो माणूसच वाटायचा, फक्त डोळे आडवे असायचे ते उभे होते. मी गुळाचं बोट वरच्या डोळ्यात घातलं. तुम्ही मारलं नाही. मला उचलून स्टुलावर उभं केलंत, वरचं झाकण उघडलंत आणि आतल्या चौकोनी काचेत बघायला लावलंत. समोरचा लिंब त्यात उलट्या बाजूला गेलेला आणि धुरकट दिसत होता. "बघ, झाडाला ताप आलाय," तुम्ही म्हणालात. "वरच्या काचेतून आपुन बघतो, खालच्या काचेतून फोटो निघतो. काचेवरला डाग फोटोत डाग म्हणून येत न्हाई बरं का. सगळा फोटोच आजारी पडतो. म्हणून काचेला बोट लावायचं न्हाई." मग आधी फुंकर घालून राख उडवलीत, कारण राखेसकट पुसलं तर काच ओरखडते, आणि जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने गोल गोल पुसलंत. लिंब बरा झाला. आयुष्यात तुम्ही मला जे काही शिकवलंत त्यातलं सगळ्यात नीट लक्षात राहिलेलं हेच आहे.

दुसरं लक्षात राहिलं ते मायला दिलेलं वचन. एका रोलमध्ये बारा फोटो. "बारा नंबर तुझा," असं तुम्ही तिला लग्नापासून म्हणत आलात. अख्ख्या तालुक्याची तोंडं तुम्ही काढलीत, बारशापासून तिरडीपर्यंत, आणि तुमच्या बायकोचा एक धड फोटो घरात नव्हता. तुम्हीही हसायचात त्यावर. मी चौथीत असताना दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांची गर्दी सुरू झाली होती. नवरा-बायको दोघं शेजारी उभे राहून फोटो काढायचे आणि म्हाताऱ्यांकडे ठेवून जायचे, मागे राहिलेल्या लेकरांना आईबापाचं तोंड दिसावं म्हणून. त्या दिवशी अकरा फोटो झाले आणि दारात कुणी नव्हतं. तुम्ही आत हाक मारलीत. माय भाकरी टाकून आली, हाताचं पीठ धुतलं, हिरवं लुगडं नेसली, केसांना पाणी लावलं आणि स्टुलावर बसली. तुम्ही कॅमेऱ्याच्या चौकोनी काचेवर मान खाली घातलीत. इतक्यात धर्मापुरीकडचं एक जोडपं दारात आलं. बाईच्या कडेला तान्हं होतं. बाप्या म्हणाला, "सायेब, टरक उभा हाय अड्ड्यावर. मुकादम वरडायलाय. येवडा येकच काढा."

तुम्ही मायकडे बघितलंत. ती तुमच्या आधीच उठली होती. "त्यांचा काढा," ती म्हणाली. "आमी काय, हितंच हाव की."

तुम्ही त्यांचा काढलात. नवा रोल त्या दिवशी घातलाच नाहीत. माय आत गेली, लुगडं बदललं आणि तव्यावर राहिलेली भाकरी करपली म्हणून माझ्यावर चिडली. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, पण मला कळायला लागल्यापासून पाच-सहा वेळा तरी झालंच असेल. दर वेळी कुणीतरी यायचंच, आणि दर वेळी तुम्ही हसून म्हणायचात, पुढच्या रोलला नक्की. आता मी चिडून लिहितेय असं वाटत असेल तर तसंच आहे.

तुम्ही गेलात तो श्रावण होता. दोन महिन्यांनी खंडेनवमी आली. ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा, तशी आपल्याकडे कॅमेऱ्याची. तुम्ही पूजा कशी करायचात ते मी दर वर्षी बघितलेलं होतं. चामड्याच्या घरावर, खालच्या पट्टीला हळदी-कुंकवाचं एक बोट, वर झेंडूचं फूल, आणि काचांवर तेवढा वेळ धोतराचा तुकडा झाकलेला. त्या वर्षी मायने पाट मांडला, कॅमेरा चामड्याच्या घरातून काढून त्यावर ठेवला. तिचं कपाळ मोकळं होतं, त्याची मला अजून सवय झाली नव्हती. तिने कुंकू पाण्यात ओलं केलं आणि दोन्ही काचांवर, बरोबर मधोमध, एकेक टिळा लावला. मी ताम्हन घेऊन शेजारी उभी होते. माझ्या तोंडाशी शब्द आले होते. तिनेच वर बघून मला सांगितलं, "ह्येचं तरी कपाळ सुनं नको."

यावर काय बोलायचं होतं, आबा? मी बावीस वर्षांची होते. टिळे वाळले, तिने तसाच कॅमेरा घरात घालून कपाटात ठेवला. पुढच्या वर्षी जुन्या टिळ्यावर नवा. असं तीस वर्षं.

मग मायला विसरायला व्हायला लागलं. आधी डब्यांची झाकणं, मग शेजारणींची नावं, मग तुम्ही गेलात हे. तुम्ही कुठं आहात असं ती विचारायची आणि मी म्हणायचे, दुकानात. यात खोटं फारसं नव्हतं, कारण ती लगेच उठून दुकानात यायची. गेल्या वर्षीपासून रोज सकाळी दहाच्या सुमाराला पदर सारखा करून स्टुलावर येऊन बसायला लागली. "माझा बारा नंबर राहिलाय," म्हणायची. पहिल्यांदा मी हसले. मग डिजिटल कॅमेरा घेतला तर तिने तोंड फिरवलं. मोबाइल घेतला तर तिने तो कानाला लावला. "हे पासपोटाचं हाय," ती म्हणाली. "तुजे आबा मान खाली घालून काढतेत. तू डोळ्यात डोळे घालून काढतीस, पोलिसावानी." गिऱ्हाईक यायचं, तशी ती स्वतःच उठून आत जायची. दुसऱ्या दिवशी परत हजर. एवढीशी गोष्ट आणि ती मला करून देता येत नव्हती.

शेवटी कपाटातून तुमचा कॅमेरा काढला. ओल्या फडक्याने टिळे पुसले, लाल पाणी निघालं, काच मोकळी झाली असं मला वाटलं. रोल इथे कुठे मिळणार. पुण्याला एक गृहस्थ असे जुने कॅमेरे जमवतात, विकतात, रोलही पाठवतात असं कळलं. फोन केला. माणूस भला होता, पण जमवणाऱ्यांची नजर वेगळीच. कॅमेरा कोणता ते सांगितल्यावर त्याचा आवाज बदलला, ही भिंगं फार गोड चित्र देतात म्हणाला. मग म्हणाला, "ताई, कॅमेऱ्याचं मागचं दार उघडा, त्याचं शटर उघडं धरा, मागून टॉर्च मारा आणि समोरून फोटो काढून पाठवा." मी तसं केलं. टॉर्चच्या उजेडात खालच्या काचेच्या मधोमध पांढुरका गोल दिसला, बोटाच्या टोकाएवढा, आणि त्याच्या कडेने आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली. दिवसाच्या उजेडात यातलं काहीच दिसलं नव्हतं.

त्याचा लगेच फोन आला. काचेवरचा बारीक थर खाल्ला गेलाय, हा पुसून जाणारा डाग नाही. दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्याचं भिंग काढून यात बसवता येईल, पण ते काम करणारा कारागीर एकच उरलाय आणि त्याच्याकडे वर्षाचं काम पडून आहे. मग त्याने जरा रागानेच विचारलं, "पूजेतल्या कॅमेऱ्यांत बघितलंय मी, ओल्या कुंकवाने असं होतं. हे कुणी केलं?"

मी म्हणाले, मी. लहान होते.

तरी मी रोल मागवला. मायकडे एक वर्ष नव्हतं. आणि तुमची मुलगी असल्यामुळे मी एक शहाणपणा केला. बारा नंबर म्हणजे बारा नंबरच व्हायला हवा, म्हणून आधीचे अकरा फोटो मी लिंब, रस्ता, रिकामं स्टूल असल्या गोष्टींवर खर्च केले. पहिल्याच फोटोला मायला बसवलं असतं तर बारा संधी मिळाल्या असत्या, हे मला तेव्हा सुचलं नाही.

बाराव्याला तिला आणलं. ट्रंकेतलं हिरवं लुगडं तिला बरोबर सापडलं. स्टुलावर बसली, हात मांडीवर ठेवले. उजेड थेट भिंगावर येत होता म्हणून मी दार लोटायला गेले तर म्हणाली, "उगडं ऱ्हाऊ द्या. कुनी आलं तर कळंल कसं?" ती मला तुम्हीच समजत होती. मी दार उघडंच ठेवलं. मान खाली घातली. चौकोनी काचेत ती दुधात बुडाल्यासारखी दिसत होती, पण बघत होती सरळ माझ्याकडे, कितीतरी महिन्यांनी कुणाला तरी ओळखून. तेवढ्यात दारात एक बाई कागद घेऊन उभी राहिली. माय उठायला लागली.

"बस," मी मान वर न करता म्हणाले. "तुझाच हाय."

आणि दारातल्या बाईला सांगितलं, थांबा. तुमच्या दुकानात गिऱ्हाइकाला थांबा म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. ती बाई थांबली. माय परत टेकली, पदर पुन्हा सारखा केला आणि हसली, दात नसलेलं तोंड मिटून, लग्नातल्या नवरीसारखं. मी बटण दाबलं.

फोटो धुऊन पुण्याहून आले ते तीन आठवड्यांनी. अकरांत लिंबाला ताप आलेला, रस्त्याला ताप आलेला. बाराव्यात दाराचा उजेड त्या खाल्लेल्या काचेत शिरून सगळीकडे पसरलाय. पदराचा काठ दिसतो, एक हात दिसतो, स्टुलाचे पाय दिसतात. तोंडाच्या जागी पांढरं आहे. मी तो मायच्या हातात दिला. तिने बराच वेळ बघितला. "चांगला आलाय," ती म्हणाली. "कोन हाय ही?"

त्यानंतर स्टुलावर बसायला ती आली नाही. पावसाळ्यात एकदा पडली, तेव्हापासून अंथरुणालाच आहे. बारा नंबरचं नाव काढत नाही, तुमचंही नाही. पुण्याच्या माणसाने आपणहून फोन करून सांगितलं की भिंग मिळालंय, कॅमेरा पाठवा, कारागिराला विनंती करतो. मी पाठवला नाही. त्या दिवशी सरळ बघणारी बाई आता इथे नाही, मग नव्या काचेतून मी कुणाकडे बघू?

परवा खंडेनवमी झाली. मी पाट तिच्या खाटेजवळ मांडला आणि कॅमेरा ठेवला. ती त्याच्याकडे बघत राहिली. ओळखलं की नाही, सांगता येत नाही, पण कुंकवाची वाटी पुढे केल्यावर तिचं बोट आपोआप त्यात गेलं. हात फार कापत होता, काच सापडत नव्हती. मी तिचं मनगट धरलं आणि बोट वरच्या काचेवर नेलं, मग खालच्या.

हे पत्र कॅमेऱ्याच्या घरात ठेवून देणार आहे, त्यापलीकडे त्याला कुठे जायचं नाही. एकच दुरुस्ती करायची राहिली. त्या पहिल्या खंडेनवमीला मी मायच्या दुःखाकडे बघून गप्प बसले, असं वर वाचताना वाटतं. ते निम्मंच खरं आहे. दुपारी ती झोपल्यावर मला ते टिळे पुसता आले असते. धोतराचा तुकडा कपाटातच होता, मी तो हातातही घेतला. मग मला तिची ती हिरव्या लुगड्यातली उठून आत जाणारी पाठ आठवली आणि तुमचा इतका राग आला की मी तुकडा परत ठेवून दिला. म्हटलं, बिघडू दे. तिचा निघाला नाही, आता कुणाचाच निघू नये. पुण्याच्या माणसाला मी फक्त वय खोटं सांगितलं, आबा.