डब्याचे कान

४ मार्च, मंगळवार

जमलं! टाळी वाजवली की मोटर अर्धा फेरा घेते आणि गुमान थांबते. अण्णांना तीनतीनदा करून दाखवलं.

पेंटबॉलच्या, म्हणजे एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायच्या खेळातल्या, बंदुकीवर बसणारा हा गोळ्यांचा डबा. जुन्या सर्किटवर मोटर सारखी घरघरत राहायची — झाडामागे लपलेल्या गड्याचा पत्ता समोरच्याला आयता! आता आत इवलासा माईक बसवलाय. बार ऐकला की मोटर जागी होणार, गोळ्या खाली ढकलणार, पुन्हा गप्प. किती आवाजाला जागं व्हायचं, ते एका बारक्या स्क्रूवर.

टीमची कॅप्टन बघून उडालीच. अण्णांच्या खाटेशी उभी राहून म्हणाली, "दौऱ्यावर तूच चल ना! तीन महिने हे डबे कोण सांभाळणार?" आत्या लगेच, "जा गं, मी येऊन राहते." मी नाही म्हटलं. अण्णा पहिला शब्द बोलतील तेव्हा मी इथं नको?

५ मार्च, बुधवार

दुपारी त्यांच्याच खोलीत टेबल मांडते. ऊन डब्याच्या धुरकट झाकणातून आत उतरतं आणि निळ्या-केशरी गोळ्या पाण्याखाली ठेवल्यासारख्या दिसतात. अण्णा बघत राहतात. मीही. सोल्डरिंगचा धूर हळूहळू वर जातो, डोळे जड होतात, कुठल्या वर्षातली दुपार आहे तेच कळेनासं होतं. वाटतं, आत्ता अण्णांची हाक येईल. तीन गल्ल्या ओलांडून यायची ती!

अर्धांगाचा झटका आल्यापासून तोंडातून अक्षर नाही. वाचा शिकवणाऱ्या बाई म्हणतात, "आवाज आहे हो त्यांना. रोज घोटवला तर शब्द येतील. पण ते तोंडच उघडत नाहीत." उघडतील कसे! वाकडातिकडा आवाज, तोही चारचौघांत? अण्णा? प्राण गेला तरी नाही.

एकदा बोलू देत. शिवी घातली तरी चालेल.

८ मार्च, शनिवार

डबा बिघडला. बॅटरी किती टिकते बघायला चालू ठेवून स्वयंपाकघरात जाते, तर हा आपला आपण फिरतो! घर्र — थांब — घर्र. धावत यावं तर साळसूदासारखा गप्प. अण्णाही छताकडे बघत पडलेले.

रस्त्यावरच्या गाड्या ऐकत असणार मेला. खिडकी लावली. तरी तेच!

९ मार्च, रविवार

दुपारी डोळा लागला. स्वप्नात गोळ्या वरून पडत होत्या, सावकाश, न फुटता. एकेकीच्या आत कुणीतरी कुजबुजत होतं. कानाशी धरली की थांबायचं. जागी झाले तर पलीकडच्या खोलीत मोटर फिरत होती. वेड लावणार हा डबा मला!

११ मार्च, मंगळवार

स्क्रू चांगला पिळला. आता थेट बंदुकीचा बार झाला तरच हलेल. स्वयंपाकघरातून कान लावून बसले — चिडीचूप! माझी पाठ मीच थोपटली.

रात्री अण्णा जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडलेत. बाई आल्या होत्या, त्यांनाही हातानंच घालवून दिलं. "काय झालं अण्णा?" तर डोळ्यांत पाणी.

१२ मार्च, बुधवार

भांडी घासताना हातातला पेला सुटला. अगं बाई! रस्त्यावरच्या गाड्या मी खोलीत शिरले की बरोबर कशा थांबतील?

अण्णा बोलत होते. डब्याशी! मी बाहेर गेले की एकटेच. आवाज नीट निघाला की गोळ्या हलायच्या, म्हणजे कुणीतरी ऐकलं. आणि मी शहाणी, जाऊन त्याचे कान बंद करून आले! त्यांना वाटलं असेल, होता नव्हता तो आवाजही गेला. मूर्ख! शंभरदा मूर्ख!

स्क्रू मागे फिरवला. चेहरा कोरा ठेवून म्हटलं, "अण्णा, दूध तापवून येते." डबा चालू ठेवला, दार ओढून घेतलं. बराच वेळ काहीच नाही. मग — घर्र.

दाराला टेकून तोंडात पदर कोंबून रडले.

कॅप्टनला कळवलं, बाकीचे डबे घेऊन जा, हा मिळायचा नाही. फुगली. फुगू दे.

१३ मार्च, गुरुवार

दिवसभर घर्र, घर्र. दूध तापवून तापवून पार आटलं.

१५ मार्च, शनिवार

कॅप्टन डबे न्यायला आली. उद्या दौऱ्यावर निघतायत. अण्णांनी तिला खुणेनं थांबवलं, मला जवळ बोलावलं. चेहरा लालबुंद. ओठ जुळवले, मोडले, पुन्हा जुळवले. आणि बोलले. आमच्या दोघींसमोर, स्पष्ट.

"तू जा."