शेंदरावरचं जस्त

२ डिसें., सारंगखेडा
शहाद्याला जस्ताची तार आणायला गेले आणि इकडे अप्पांनी पहिल्या पाइपाची पूजा उरकली. अप्पा साइट इन्चार्ज, म्हणजे इथले संस्थानिकच; मी नुसती, पाइप गंजू नये म्हणून चढवतात तो जस्ताचा थर तपासणारी. पूजेला माझी ना नाही. पण ग्रिटचा, म्हणजे पोलादी कणांचा, मारा करून नुकतंच उघडं पाडलेलं लोखंड! त्यावर तेलात कालवलेला शेंदूर, पाच बोटं. वर नारळाचं पाणी. आणि लगेच त्याच्यावरूनच, उरलीसुरली तार वितळवून, जस्ताचा फवारा!
गन चालवणारा वसावे म्हणतो, "मॅडम, मी नको म्हटलं होतं."
मग मारलास कशाला?
"अप्पा उभे होते ना."
धन्य.
कोरड्या, स्वच्छ लोखंडालाच जस्त धरतं हे अप्पांना माझ्याआधीपासून ठाऊक आहे. कामचुकारपणा नाही, भक्तीच. म्हणून जास्त अवघड.

३ डिसें.
जस्त धरलंय का बघायला चाकू घेऊन बसले. शेंदराच्या जागी टोक लावलं की पापुद्राच हातात. खाली तेल तसंच ओलं. दुसरीकडे चाकू नुसता घसरतो.
अप्पा : "पोरी, पाच बोटं जागा शे ती. बाजूनं जस्त राखी ना तिले."
म्हटलं, साधा ओरखडा असता तर राखलं असतं. नारळाचं पाणी पाइपाच्या पोटापर्यंत ओघळलंय. कुठवर सुटलंय ते मलाही सांगता येत नाही. पुन्हा मारा करून सगळं नव्याने करायचं.
"म्हंजे देवना शेंदूर उडाडशी?"
देवाला मी सांगते, म्हटलं. तोंडातून गेलं खरं. मागे घेणार नाही.

५ डिसें.
हा पाइप घोड्यांच्या यात्रेच्या रस्त्याखाली जाणार. यात्रेआधी चरी बुजवायचीच म्हणे. एकदा बुजली की गंजला काय, फुटला काय, कोण उकरणार? आणि पाणी कुठे जाणार, तर म्हसावदला. आमच्याच नळाला.
ऑफिसातून साहेबांचा फोन. "जमवून घ्या, नाहीतर दुसरा माणूस पाठवतो." पाठवा. त्याच्याही हातात चाकू देईन.
रात्री घरी फोन. माय : "नोकरी जाई ना बेटा."
जाऊ दे.
"मंग घर ये. पन देवसंगे भांडू नको."
म्हणजे तीही अप्पांच्याच बाजूची! रागाने रडू आलं. देवाशी कोण भांडतंय इथे?

६ डिसें.
आज सुचलं. आमच्या मारुतीचा शेंदूर थरावर थर चढून सुटला की कुणी अपशकुन म्हणत नाही. गोळा करून नदीत सोडतात. अप्पांना तेच म्हटलं : हा पण सुटलाय. तापी समोरच आहे.
अप्पा चहा प्यायला निघून गेले. हो नाही, नाही पण नाही.

७ डिसें.
सकाळीच पाइप चरीत उतरवायला क्रेन हजर. पाइपाला हूकसुद्धा लावला! माझा पारा चढला. सगळ्यांसमोर पाइपावर चढून बसले, शेंदराची जागा खरवडली, पापुद्रे फडक्यात बांधले आणि पुरचुंडी अप्पांच्या हातात दिली. "सोडा नदीत. तुमच्याच हाताने." अप्पा काठाकडे गेले.
वसावेला म्हटलं, मारा करायची तयारी कर.
"अप्पांना विचारू?"
विचार. पण आधी कॉम्प्रेसर चालू कर.
तो निघाला एकदाचा कॉम्प्रेसरकडे. साहेबांचे फोन येताहेत, उचलत नाही. अप्पा काठावर उभे, पुरचुंडी अजून हातातच. क्रेनवाला त्यांच्या इशाऱ्याची वाट बघतोय. मी पाइपावर बसूनच लिहितेय. हूक निघेपर्यंत उठणार नाही.