गव्हाविना कलमीचे रोल

११ जानेवारी, उंद्री
पल्लू, ही वही शेवटी तुह्याच हाती पडणार. आधी पाह्यून ये, गॅसवर दूध ठेवून त नाही बसली वाचाले? दिवाळीत दोन पातेले जाळून गेली. मी, तुही आजी, सांगून राह्यली, तुही माय नंदा लिहून राह्यली. मले अक्षर येत नाही, पण विसरणं बी येत नाही.

तर. डॉक्टरनं पल्लूचा गहू बंद केला, जन्मभराचा. पुण्यात कोपऱ्यावरच्या दुकानातले दालचिनीचे रोल म्हणजे तिचा जीव. आता काचेतून पाह्यते म्हणे. दालचिनी म्हणजे आपली कलमीच. म्हटलं, मी करते, ज्वारीचे. नंदा हसली, "आत्याबाई, तुम्ही रोल पाह्यला तरी का?" फोनात पाह्यला. गोगलगाय आहे, अजून काय.

१३ जाने.
ज्वारी गिरणीतून दळून आणली. ईस्ट, गूळ, कोमट पाणी. लाटाले गेली त भेगा. गुंडाळला त तुकडे. साठ वर्षं भाकरी थापून राह्यली, आन् आज पीठ ओळख देईना. कुत्र्याले टाकले. त्यानं बी तोंड पाडून खाल्ले.

१६ जाने.
जवस भिजवले. चिकट पाणी सुटते, थे पिठात. अर्ध्या पिठाची उकड. दुधाच्या पिशवीवर लाटलं, पिशवी उचलत उचलत गुंडाळलं. तुटलं नाही. आत लोणी, गूळ, कलमी. पातेल्यात मीठ तापवून त्यावर रोलची ताटली, वर झाकण. नंदा तीन खाऊन म्हणते, "बरे आहेत." बरे. तीन.

२६ जाने.
पल्लू आली, दोन दिवस. दुपारी दोन रोल खाल्ले, डोळे मिटून. संध्याकाळी पोट धरून बसली. मळमळ, तोंड पांढरं फट्ट. जातानी म्हणे, "आजी, रागावू नको. यापुढे मी माझा डबा घेऊनच येईन."
रागावली नाही. पण डबा घेऊन त पाहुणे बी येत नाहीत आपल्या घरी.

२९ जाने.
कुठं चुकलं? भांडे घासले होते, पोळपाट शिवला नाही. आज स्वतः गिरणीवर जाऊन बसली. पुढच्या बाईचे गहू, मांगून माही ज्वारी, एकाच तोंडात. पहिलं पसाभर पीठ तिच्या गव्हाचं, माह्या डब्यात. पुढच्याचं उरलेलं मांगच्याले, असंच चालते, कोणी भांडत नाही. गिरणीवाला म्हणे, "चिमूटभर गव्हानं का होते, आजी?" म्हटलं, कालपर्यंत मले बी असंच वाटे.

१ फेब्रु.
जातं काढलं. त्यात आजवर डाळच भरडली, गहू कधी नाही. धुतलं, उन्हात ठेवलं.

३ फेब्रु.
दोन किलो ज्वारी. खांदा बोंबलून राह्यला. नंदा समोर बसली आन् खुंट्याले हात लावला. हे लिहू नको म्हणते. लिही.

५ फेब्रु.
बारा रोल, नव्या डब्यात. तुहा बाप उद्या पुण्याले जाऊन राह्यला, तीन दिवस आहे तिथं. ही वही बी त्याच्याच हाती. नंदा विचारते, "तिनं खाल्लेच नाही त?" मले का माहीत. भ्यायली असंन पोरगी.

एकच खाय, पल्लू, आन् दोन दिवस पाह्य. पचला त बापाच्या हाती पावभर कलमी पाठव, इथली निस्ती लाकडं आहेत. नाही पचला, तरी कलमीच पाठव.