खूण आढळून आली नाही

प्रति,
मा. पडताळणी अधिकारी,
बाल कर्णसेवा योजना, पडताळणी कक्ष,
भंडारा.

विषय : कु. रेणू कैलाश साठवणे, वय सहा वर्षे, हिच्या उजव्या कानाच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेस शनिवार सायंकाळच्या आत मंजुरी मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे सहा अर्ज.
२) आपल्या कार्यालयाची दोन उत्तरे, एकमेकांस न ओळखणारी.

महोदय,

अर्जदार सौ. दामिनी कैलाश साठवणे, राहणार मौजा बोडीटोला, तालुका मोहाडी, या आजची धानाची रोवणी सोडून सकाळच्या पहिल्या एसटीने मोहाडीस आल्या आणि तहसील कार्यालयाबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाकडून हा सातवा अर्ज लिहवून घेत आहेत. आधीचे सहा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते. अक्षर चांगले, म्हणणेही स्पष्ट. तरी ‘विहित नमुन्यात नाही’ असा शेरा मारून त्यांतले चार परत आले. हा अर्ज नमुन्यात बसावा म्हणून लिहिणाऱ्याने काळजी घेतली आहे. मध्येच कुठे तो नमुन्याबाहेर गेला तर तो दोष अर्जदाराचा नसून लिहिणाऱ्याच्या स्वभावाचा समजावा.

१. रेणू चार वर्षांची असताना तिचा उजवा कान वाहू लागला. लहान पोरांचे कान वाहायचेच, म्हणून घरच्यांनी वर्षभर कोमट तेल घातले. ही चूक अर्जदार कोणी न विचारता कबूल करतात. पुढे कानाला वास येऊ लागला, हाक मारली तर पोरगी भलतीकडेच पाहू लागली, तेव्हा तिला नागपूरला नेले. कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी सांगितले की पडद्यामागे कातडीची गाठ वाढली आहे आणि ती कानातली नाजूक हाडे खात चालली आहे. दिनांक १३ मे २०२४ रोजी आपल्याच योजनेतून शस्त्रक्रिया झाली. ती दुर्बिणीने, कानाच्या भोकातूनच झाली. बाहेर चीर नाही, टाका नाही. दुसऱ्या दिवशी पोरगी घरी आली आणि अर्जदारांनी टोल्यातल्या घरोघरी कौतुकाने सांगितले की एवढे मोठे ऑपरेशन झाले पण ओरखडासुद्धा नाही. तेवढे बोलायला नको होते, असे त्यांना आता वाटते.

सुटी देताना डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट बजावली होती. इतक्या लहान वयात ही गाठ मोहरीएवढी जरी मागे राहिली तरी झपाट्याने पुन्हा वाढते. म्हणून दहा महिन्यांनी दुर्बिणीने पुन्हा आत पाहून उरलेसुरले काढावेच लागेल, ती वेळ चुकवू नका. अर्जदारांनी चुकवली नाही. त्यांनी जानेवारीतच पहिला अर्ज टाकला होता.

२. दरम्यान, ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या कक्षाचे एक निरीक्षक पडताळणीस गावी आले. शस्त्रक्रियेची दृश्य खूण, म्हणजे टाक्यांचा व्रण, छायाचित्रासह नोंदवावी असे त्यांच्या तक्त्यात होते. त्यांनी रेणूचा उजवा कान पुढे दुमडून मोबाईलच्या उजेडात मागे पाहिले. काही नव्हते. मग, न जाणो, म्हणून डाव्या कानामागेही पाहिले. अर्जदारांनी डॉक्टरांचा कागद पुढे केला. निरीक्षक म्हणाले की कागद कोणीही आणतो, मला खूण पाहिजे. अखेरीस गुडघ्यावर सायकलवरून पडल्याचा एक जुना व्रण सापडला, तो त्यांनी नोंदवला आणि त्याचे छायाचित्रही घेतले. ते आजही फाइलमध्ये असेल.

पंच म्हणून शेजारच्या शकुनबाईंना बोलावले. ती बाई आयुष्यात खोटे बोललेली नाही आणि नेमकी तिथेही बोलली नाही. “कानामांग त काईच नाई दिसून रायलं साहेब,” असे तिने सांगितले आणि अंगठा दिला. ‘खूण आढळून आली नाही’ या वाक्याखाली आपला अंगठा आहे हे कळल्यावर ती दोन दिवस जेवली नाही. अजूनही ती अर्जदारांच्या दारावरून मान खाली घालून जाते. अर्जदारांचा तिच्यावर राग नाही. “थे बिचारी जे दिसलं थेच बोलली,” असे त्या म्हणतात.

३. दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी केलेल्या अर्जावर मार्चमध्ये उत्तर आले की पहिली शस्त्रक्रिया झाल्याचे सिद्ध होत नाही, सबब दुसरी मंजूर करता येत नाही. हे अर्जदारांनी शांतपणे मान्य केले. पहिली झालीच नाही असे आपले म्हणणे असेल तर हीच पहिली समजा, असा त्यांनी पुढचा अर्ज केला. मे महिन्यात त्याचे उत्तर आले की सदर लाभार्थीच्या उजव्या कानाची शस्त्रक्रिया संगणकात पूर्ण झालेली दिसते, सबब त्याच कानाची पहिली शस्त्रक्रिया पुन्हा करता येत नाही. दोन्ही पत्रांवर सही एकच आहे. लिहिणारा तीस वर्षे सरकारी कागद वाचत आला आहे. पण न झालेली आणि होऊन गेलेली अशी एकच शस्त्रक्रिया त्याने प्रथमच पाहिली.

आपल्या खिडकीवरच्या लिपिकाने मात्र माणुसकी दाखवली. डावा कान संगणकात रिकामा दिसतो, त्यासाठी अर्ज केला तर लगेच होईल, असे त्यांनी सुचवले. डावा कान चांगला आहे. रेणू जे काही ऐकते ते त्याच कानाने ऐकते.

४. मागच्या आठवड्यात अर्जदार लिहिणाऱ्याकडे प्रथम आल्या तेव्हा त्यांनी विचारले, “भाऊ, साहेबाले टाकेच पाह्यजेन ना? मंग मीच ब्लेडनं कानामांग जराशी चीर मारू का? थे चालन काय, तेवढं अर्जात इचारा.” लिहिणाऱ्याने पेन खाली ठेवला. असला अर्ज आपण लिहिणार नाही, असे त्याने सांगितले, बाईंना समोरच्या टपरीवर चहा पाजला आणि घरी धाडले. आईच्या तोंडून ही गोष्ट निघाली, ती कुठून निघाली हे आपण आपल्या घरच्या पोरांकडे पाहून ठरवावे.

५. त्यानंतर दोन दिवस रेणूला ताप आला. तिसऱ्या दिवशी सकाळी भात खाताना उजव्या बाजूने घास बाहेर येऊ लागला. तोंड एका बाजूला ओढले गेले होते. झोपली तरी उजवा डोळा उघडाच राहतो, अर्जदार त्यावर ओले फडके ठेवून बसतात. वडील कैलाश तिला घेऊन नागपूरला गेले. डॉक्टरीणबाईंचा कागद सोबत आहे, त्याचा अर्थ असा : गाठ परत वाढून चेहऱ्याच्या नसेपर्यंत पोचली असून मेंदूलाही धोका आहे. मार्चमध्ये दुर्बिणीने भागले असते, आता भागणार नाही. आता कानामागून मोठी चीर देऊन हाड उघडावे लागेल. त्या कानाने ऐकू येण्याची आशा धरू नये. चेहरा सरळ होईलच असेही सांगता येत नाही.

येत्या सोमवारची, २१ जुलैची, वेळ त्यांनी रेणूसाठी राखली आहे. शनिवार सायंकाळपर्यंत मंजुरी पोचली नाही तर ती वेळ रांगेतल्या पुढच्या मुलाला जाईल. त्या मुलाचेही कान वाहतच असतील, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही.

तरी विनंती अशी की आपण मंजुरीवर सही करावी. ऐकू येण्याबद्दल अर्जदार आता काही मागत नाहीत. त्यांना पोरगी जिवंत हवी आहे. आणि या वेळी पडताळणीत अडचण येणार नाही : कानाच्या वरपासून खालपर्यंत टाके पडतील, चांगले बोटभर लांब, कोणत्याही उजेडात दिसतील असे. शकुनबाई पुन्हा पंच म्हणून यायला तयार आहे. तिने स्वतः येऊन तसे सांगितले.

निरीक्षकांना फार शोधावे लागणार नाही. गेल्या ऑगस्टपासून बॅगवाला कोणीही दारात आला की रेणू आपणहून केस बाजूला करते आणि कान पुढे दुमडून उभी राहते. तिला शाबासकी द्यायची झाल्यास कृपया डाव्या बाजूने द्यावी.

आपल्या दारी सातव्यांदा आलेली,
(सही) दामिनी कैलाश साठवणे
मौजा बोडीटोला, ता. मोहाडी, जि. भंडारा
दिनांक : १७ जुलै २०२५

लिहिणार : टेकचंद बुराडे, अर्जनवीस, मोहाडी. (लिहिणावळ घेतलेली नाही.)

सोबत :
१) पहिल्या शस्त्रक्रियेचा दवाखान्याचा कागद, सातवी प्रत.
२) आपल्या कार्यालयाची दोन्ही उत्तरे, एकत्र टाचून.
३) डॉक्टरांचा दि. १५ जुलैचा कागद.
४) टाक्यांच्या व्रणाचे छायाचित्र : सोबत नाही. मुलगी वाचल्यास सादर करण्यात येईल.