गाळावरचे टमाटे

आणि माझं बूड एका जागी टेकत नाही, हे तू बांधावर भाकर खाताना सगळ्या बायांना सांगायचीस, ते काय बरोबर नव्हतं, आई. सातवीत शाळा सोडली, गॅरेज सोडलं, द्राक्षाच्या फवारणीचं काम सोडलं, हे खरं. पण दर वेळी काहीतरी कारण होतं आणि तू ते एकदाही विचारलं नाहीस. आता तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी नवीन ठिकाणी पिशवी ठेवली की तुझा आवाज येतो, "इथं किती दिवस?"

इथं दोन पावसाळे झाले. समुद्राकाठचं लहान गाव आहे. गावातल्या मोऱ्या-संडासांचं पाणी साफ करायचं नगरपालिकेचं केंद्र आहे, तिथं मी कामाला. जाळीत अडकलेल्या चिंध्या आणि पिशव्या दाताळ्यानं ओढायच्या, हवा सोडायचं मशीन बघायचं, आणि खाडीला भरती आली की बाहेरची झडप लावायची, नाहीतर खारं पाणी उलटं आत घुसतं. घाण वास पहिले आठ दिवस येतो. मग शेजारच्याच्या डब्यातल्या सुक्या मासळीचाच जास्त येतो.

खाली बसलेला गाळ आम्ही वाळूवर पसरून वाळवतो. त्यात टमाटे उगवतात. कुणी लावत नाही. लोकांनी खाल्लेलं बी पोटातून, मोरीतून, आमच्या सगळ्या मशिनींतून पार होतं आणि गाळात येऊन रुजतं. अशी काळीभोर रोपं तू दिंडोरीकडं कुणाच्या वावरात पाहिली नसशील. खात कुणी नाही, गाळ सुकला की फावड्यानं सगळं खरवडून टाकतात. मागच्या महिन्यात ती जमिनीवर लोळायला लागली, तसं माझ्याच्यानं राहवलं नाही. जाळीत सापडलेली दोरी धुतली, झावळ्यांचे दांडे रोवले आणि बांधत बसलो. आमचा मुकादम इथलाच. तो माडाखाली उभा राहून बघत होता.

"कोणासाठी बांधतंस रे? खातलो कोण?"

"कुणी नाही."

"मगे?"

"लोळतायत."

तो विडी पेटवून निघून गेला. मी ओळ पुरी केली. बांधताना लहानपणचं दिंडोरी डोळ्यांपुढं होतं: तू पुढच्या ओळीत टमाटे बांधतेयस, कमरेला सुतळीचा गुंडा, दुसऱ्याचं वावर, आणि मी गाठ आवळली की मागं न बघताही तुला कळतंय. "फास देतो का त्याला? बोट जाईल एवढी जागा ठेव. वाढायचंय त्याला अजून." झाडाला बोटभर जागा ठेवायचीस. मला नाही ठेवलीस.

धाकटीचा बूथवरून ऑफिसात फोन आला होता. तिला दहा गुंठे टमाटे वाट्यानं करायचेत. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची लागण, आणि वावरवाला म्हणतो, घरात पुरुषमाणूस असला तर देतो. "दादा, लागणीपुरता ये ना. नाय आला तर वावर दुसऱ्याला जाईल."

मी विचारलं, "बांबू कुणाचे?"

"अजून ठरलं नाय."

"त्याला सांग, बांबू माझे, सुतळी माझी. मग पुरुष कशाला लागतो ते विचार."

चार दिवसांनी पुन्हा फोन. वावरवाला म्हणाला म्हणे, बांबू आधी बांधावर दिसू दे, मग बघू. मग धाकटी म्हणाली, "आई असती तर तुला कान धरून आणला असता." मी म्हटलं, "म्हणून तर लांब आलो." ती हसली, पण थोडंच.

मी जात नाहीये. चार आठवडे सुट्टी मागितली तर ही जागा दुसऱ्याला जाईल, आणि ती मला सोडायची नाही. तुला सांगायला लाज वाटते, पण मी टिकलोय गं. टिकलो ते संडासाच्या पाण्यापाशी. हे पत्र टाकायला काही पोस्टात जाणार नाही, तुझा पत्ताच कुठाय. मनिऑर्डर करायला मात्र उद्या जायचंय. धाकटीच्या नावानं, दहा गुंठ्यांचे बांबू आणि सुतळी. अठराशे रुपये.