अंडरग्राउंडला कुलूप

खांदेश्वर,
रविवार

तीर्थस्वरूप दादांस धाकट्या नामदेवचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा, वहिनींची साखर आणि तांबड्या गाईचा स्वभाव आता कसा आहे ते कळवावे. आम्ही इकडे ठीक आहोत. पत्र बघून घाबरू नका. तुमच्या इंद्रजितने तळोज्याची पर्मनंट नोकरी सोडली तेव्हापासून तुम्ही त्याच्याशी बोलणं टाकलंत आणि फोन बंद करून फडताळात ठेवलात (घरचा ग्रुपही सोडलात, तिथे आता नुसतं सुप्रभात येतं), म्हणून पोस्टाशिवाय मार्ग उरला नाही. पोराचा विषय पत्रात काढायचा नाही, असं आमच्या सौ. सुचित्राने मला बजावलं आहे आणि मी तिला शब्द दिला आहे. तेव्हा मी लिहिणार आहे ते फक्त गाण्यांबद्दल.

आमच्या सोसायटीत शनिवारी संध्याकाळी सगळे गच्चीवर नाचतात. त्याला व्यायाम म्हणतात. सेक्रेटरी या नात्याने स्पीकर माझ्या ताब्यात असतो आणि मी वर्षभर तीच ती गाणी लावत आलो. मागच्या शनिवारी शेजारच्या क्षिप्राने (कॉलेजात आहे, तोंडावर बोलते) सगळ्यांदेखत सांगितलं, "काका, नेक्स्ट टाइम नवीन काही नाही लावलंत ना, तर स्पीकर बी विंगला जाणार." दादा, तुम्ही मला ओळखता. ज्या बी विंगला मी पार्किंगची जागा दिली नाही, तिला स्पीकर देईन? नवीन म्हणजे काय ते विचारलं, तर म्हणाली इलेक्ट्रो-पॉप आणि अंडरग्राउंड हिप हॉप. शनिवारच्या आत दोन्ही शोधायचीच, असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

इलेक्ट्रो-पॉप लवकर सापडलं. आपल्या गिरणीचा पट्टा सुटायच्या बेतात आला की यायचा तसा ठेका असतो आणि वर एखादी मुलगी झोपेत बोलल्यासारखी गाते. मला आवडलं, खोटं कशाला बोलू. घोटाळा झाला तो अंडरग्राउंडचा. आमच्याकडे अंडरग्राउंड म्हणजे एकच, गेटजवळची जमिनीखालची पाण्याची टाकी. तिची सफाई, तिचं झाकण, तिच्यात पडलेल्या चपला, यातच माझी निम्मी कारकीर्द गेली आहे. आणि नेमका शुक्रवारी सकाळी बी विंगच्या आकाशने सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला, 'काका, अंडरग्राउंडमध्ये जबरी ट्रॅक पडलाय, चेक करा.' पिण्याच्या पाण्यात काहीतरी पडलंय म्हटल्यावर जबाबदार माणूस काय करेल ते तुम्हीच सांगा. (ट्रॅक म्हणजे ट्रॅकपँट, आणि जबरी म्हणजे मोठ्या मापाची, असा माझा अंदाज.) मी पंप बंद केला, झाकणाला कुलूप घातलं, वर खुर्ची टाकून बसलो आणि टाकी साफ करणाऱ्यांना बोलावलं. दुपारपर्यंत टाकी उपसून कोरडी झाली. पँट काही निघाली नाही. दोन्ही विंगच्या बायका रिकाम्या बादल्या घेऊन माझ्याभोवती उभ्या होत्या. त्या काय काय बोलल्या ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. शेवटी क्षिप्रा खाली आली. "काका, ट्रॅक म्हणजे गाणं. आणि अंडरग्राउंड म्हणजे मागे कुठली कंपनी-बिंपनी नाही, मुलं आपली खोलीत बसून बनवतात." (कंपनी सोडून खोलीत बसलेला मुलगा म्हटल्यावर मला एक नाव आठवलं, पण शब्द दिला आहे.)

दुसरा असता तर गाणीबिणी सोडून गावाला आला असता. मी टँकर मागवला, क्षिप्राचे इअरफोन कानात घातले आणि त्याच खुर्चीवर अंडरग्राउंड ऐकायला बसलो. बहुतेक पोरं रागावलेली असतात आणि भराभर बोलतात. ग्रामसभेत आपली माणसं तक्रार मांडतात तेच, फक्त यमक जुळवून. मग आकाशने सांगितलेलं ते गाणं लागलं आणि मी खुर्चीवरून उठलोच. काल गच्चीवर तेच लावलं. बी विंगसकट सगळ्यांनी ते पुन्हा पुन्हा मागितलं. स्पीकर माझ्याकडेच आहे आणि पाण्याचा विषय कुणी काढला नाही.

वहिनींना नमस्कार, आणि लाथ मारणार नसेल तर गाईच्या पाठीवरून माझ्या वतीने हात फिरवावा.

तुमचा,
नामदेव

ता. क. ते गाणं करणारा मुलगा जुईनगरला मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो. नाव लिहीत नाही. नाक तुमच्यावर गेलं आहे.

ता. क. २. गाण्यातला आवाज मात्र तुमचा आहे. भांडणाच्या आधी तुम्ही त्याला फोनवर बोलून निरोप पाठवायचात, ते त्याने जपून ठेवलेत. 'इंद्र्या, जेवलास का न्हाय? फोन उचल की लेका.' एवढंच, आणि खाली ढोल. मध्ये तुम्ही खोकता तिथे टाळ्या पडतात. काल तुम्ही 'जेवलास का न्हाय' विचारलंत की अख्खी गच्ची 'जेवलो' म्हणून ओरडत होती. मी स्पीकरचा आवाज आणखी वाढवला.

ता. क. ३. खरं काम हे. गाणं संपताना ढोल थांबतो आणि इंद्रजित (हे पान सुचित्राला दाखवलेलं नाही) साध्या आवाजात म्हणतो, 'जेवलो, आप्पा. तुमी जेवला का?' पुढे काही नाही. त्याच्याकडे तुमच्या उत्तराची जागा रिकामी आहे. फडताळातून फोन काढा, चार्जिंगला लावा आणि उत्तर पाठवा. शिव्या दिल्यात तरी चालेल, या प्रकारात चालतात म्हणे. फक्त जेवण झाल्यावर बोला, तेव्हा तुमचा आवाज जरा मऊ असतो.